मुरड घालायला कोणी नव्हतं

प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार.

मी २७ वर्षांचा आहे, मूळ इचलकरंजीचा. साडेतीन वर्षांपासून जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये राहतो. इथेच एम.एस. केलं आणि आता गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करतो. शिकत होतो तेव्हा हॉस्टेलवर आम्ही सात-आठ भारतीय मुलं होतो, त्यामुळे काही जाणवलं नाही. गेल्या वर्षी नोकरी लागली, वेगळं घर घेतलं आणि पहिल्यांदाच सण एकट्याने काढले.

आमच्या घरी वडिलांचे माग आहेत. लहानपणापासून कानात दिवसरात्र तोच खडखडाट. दिवाळीत चार दिवस माग बंद असतात. गल्ली एकदम शांत होते. माझ्यासाठी दिवाळी म्हणजे ती शांतता.

यंदा लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, मंगळवारी होतं. घरी साडेसहाला पूजा सुरू झाली तेव्हा इथे दुपारचे तीन वाजले होते. मीटिंगमधून बाहेर आलो आणि जिन्यात उभा राहून फोनवर पूजा पाहिली. आईने फोन कुठल्याशा डब्याला टेकवून ठेवला होता. मला चोपड्यांचा कोपरा आणि वहिनीचा हात तेवढा दिसत होता. आरती झाली, सगळे आत गेले आणि फोन बंद करायचा राहून गेला. पाच मिनिटं मी रिकामी खोली बघत उभा होतो. दरवर्षी आकाशकंदील मी करायचो, कामट्या तासण्यापासून. यंदा दादाने तयार आणला, प्लास्टिकचा. इथल्या मराठी लोकांच्या दिवाळीलाही जाऊन आलो. तीनशे माणसं होती, जेवण चांगलं होतं. घरी आल्यावर जास्तच एकटं वाटलं.

तरी दिवाळी निभावली. नाताळात मात्र कोसळलो. २४ डिसेंबरला दुपारी दोनला दुकानं बंद झाली. माझ्या मजल्यावरचे सगळे बॅगा घेऊन आपापल्या गावी गेले. संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. माग बंद झाल्यावर होतं तसं सगळं शांत झालं. मी भांडी घासत होतो, हातातलं भांडं तसंच राहिलं आणि रडू आलं. २७ तारखेच्या सकाळपर्यंत आईशिवाय कोणाशी बोललो नाही. तिला सांगितलं, मित्रांकडे जेवायला आलोय.

नाताळ हा माझा सणसुद्धा नाही. मग त्यात घर का आठवावं? शिक्षणाचं कर्ज अजून फिटायचंय. वडील सगळ्यांना कौतुकाने माझं सांगतात. या वयात असं होणं बरोबर आहे का? मी परत यावं का?

– एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर

तुला ‘तू’ म्हणते, माझा मुलगा तुझ्याहून मोठा आहे.

तुझ्या पत्रात एक वाक्य असं आहे की जे तू लिहून टाकलंस आणि पुढे गेलास. आकाशकंदिलाचं. त्याकडे मी येणार आहे. पण आधी तुझ्या वयाचं बोलू, कारण तुला त्याची लाज वाटते आहे आणि ती वाटायचं काही कारण नाही.

तू राहतोस तिथल्या भाषेत याला ‘हाइमवे’ म्हणतात. हाइम म्हणजे घर, वे म्हणजे दुखणं. १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने या दुखण्यावर प्रबंध लिहिला आणि ग्रीक शब्द जोडून त्याला ‘नोस्टाल्जिया’ हे नाव दिलं. आज आपण तो शब्द जुन्या गाण्यांसाठी वापरतो, पण तो जन्मला आजाराचं नाव म्हणून. होफरने ज्या रोग्यांची हकीगत लिहिली आहे, त्यात बर्नहून बाझलला शिकायला आलेला एक तरुण आहे. दोन्ही गावांमध्ये आजच्या आगगाडीने तासाभराचं अंतर. तो मुलगा खंगत गेला, ताप हटेना. शेवटी त्याला घरी पाठवायचं ठरलं, आणि निघायची तयारी सुरू झाली तशी त्याची तब्येत सुधारायला लागली. तयारी सुरू झाली एवढ्यानेच. हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल.

आपल्या भाषेत तर या दुखण्यासाठी शब्दांची केवढी श्रीमंती आहे! दिवाळीला माहेरहून मूळ, म्हणजे बोलावणं, येणं, न्यायला मुराळी येणं, त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसणं. जात्यावरच्या ओव्या या ओढीने भरलेल्या आहेत. बायकांनी हे दुखणं उघडपणे गायलं आणि ऐकणाऱ्यांनी त्यांना कधी वेडं ठरवलं नाही. पण हे सगळे शब्द सासुरवाशिणीचे. घर सोडून कमवायला गेलेल्या मुलग्याला आपण कर्जाचे हप्ते आणि कौतुक दिलं, रडायला शब्द दिला नाही. म्हणून तू मला विचारतोस की हे बरोबर आहे का. तुझ्या पणजीला हे विचारावं लागलं नसतं.

आता माझं सांगते. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये मी जर्मनीतच ग्यॉटिंगनला गेले, वनस्पतिशास्त्रातल्या संशोधनासाठी, एकटी. तेव्हा तुझ्याच वयाची होते. वाईला आमच्या घरी फोन नव्हता. पत्र पोचायला दहा-बारा दिवस लागायचे. पहिली दिवाळी मी प्रयोगशाळेत काढली आणि मला फार काही वाटलं नाही. वाटलं, आपण खंबीर आहोत. दिवाळी उलटून गेल्यावर आईचं पत्र आलं. तिने नेहमीसारखं सगळं लिहिलं होतं: काय काय केलं, कोण कोण आलं, चिवडा कसा झाला. आणि मध्येच एक ओळ: ‘तुझ्या वाटच्या करंज्यांना मुरड घालायला कोणी नव्हतं, म्हणून यंदा सगळ्या कातण्याने कापल्या.’

मी ते पत्र ट्राममध्ये वाचलं असं सांगायला आवडलं असतं, पण ग्यॉटिंगनला ट्राम नाही. मी ते पोस्टाच्या पेट्यांसमोर कोट न काढता उभ्याने वाचलं आणि तिथेच खाली बसले. करंजी खायला मिळाली नाही म्हणून मला रडू आलं नव्हतं. आमच्या घरात आई लाट्या करायची, काकू लाटायची, सारण आजी भरायची आणि मुरड माझी. वयाच्या नवव्या वर्षापासून माझी. ती जागा रिकामी राहिली होती आणि घराने तिच्यावाचून भागवून घेतलं होतं. (गौरीला निरोप देताना मुरडीचे कानवले करतात, ते तिने मुरडून पुन्हा यावं म्हणून. आईच्या मनात ते होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही.)

तेव्हा मला जे कळलं ते तुला सांगते. सणाला आपल्याला घर आठवतं, त्यात पदार्थ आणि दिवे थोडे असतात. आठवतं ते आपलं काम. आपल्याकडचे सण हे बघायचे नसतातच, करायचे असतात. कोणी रांगोळी घालतं, कोणी माळा सोडवतं, कोणाला पहाटे उठून बंब पेटवायचा असतो. तू त्या जिन्यात उभा होतास तेव्हा तू घरातला मुलगा नव्हतास, प्रेक्षक होतास. मराठी लोकांच्या कार्यक्रमातही ताट घेऊन रांगेत उभा राहिलास, म्हणजे पाहुणाच. आणि तुझा कंदील विकत आणला गेला, माझ्या करंज्या कापल्या गेल्या तसा. त्यात दादाची काही चूक नाही. पण तू ‘प्लास्टिकचा’ हा शब्द स्वल्पविराम देऊन वेगळा लिहिला आहेस, तो मला दिसला.

आता नाताळाचं. तो तुझा सण नाही, मग का, असं तू विचारतोस. मला वाटतं, म्हणूनच. दिवाळीत तिकडचं जग कामात असतं, ऑफिस चालू असतं, आपणही त्यात ढकलले जातो. २४ डिसेंबरला मात्र सगळा देश घरी जातो आणि दारं लावून घेतो. त्या दिवशी प्रत्येकाला एक घर असतं, हे तुझ्या डोळ्यांसमोर घडतं. त्यात श्टुटगार्टला त्या दिवसांत साडेचारलाच सूर्य मावळतो. आणि तुझ्यावर तर ती शांतता चालून आली, मागांची. तुझ्या कानाने ती ओळखली आणि तुला वाटलं दिवाळी आहे, आणि दिवाळीला तू घरी नाहीस. रडू न येतं तरच नवल.

माझा पहिला २४ डिसेंबर तुझ्यासारखाच सुरू झाला. मी राहायचे त्या घराच्या मालकीणबाई खालच्या मजल्यावर असत. साठीच्या पुढच्या, विधवा. चार महिन्यांत आमचं बोलणं जिन्यातल्या ‘गुटन टाग’पलीकडे गेलं नव्हतं. दुपारी त्यांनी दार वाजवलं आणि विचारलं, पाच मिनिटं येता का, नाताळचं झाड धरायला. त्यांना झाडाच्या बुंध्याचे स्क्रू आवळायचे होते आणि झाड सरळ धरायला दुसरं माणूस नव्हतं. मी झाड धरलं. मग त्या म्हणाल्या, बटाटे उकडलेत. त्या दिवशी तिकडे पुष्कळ घरांत बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज असंच साधं जेवण असतं. बटाटे गरम असतानाच सोलायचे असतात. त्या तीन दातांच्या एका छोट्या काट्याला बटाटा टोचून सुरीने सोलत होत्या, मी हातानेच सोलायला लागले. वाईत मोठी झालेली मुलगी, गरम बटाट्याला काय घाबरणार! त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं आणि पहिल्यांदा हसल्या.

सोलता सोलता त्यांनी बहिणीचं सांगितलं. बहीण हायलिगेनश्टाटला राहायची. ग्यॉटिंगनपासून पंचवीस-तीस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ वाई-साताऱ्याएवढं. पण मध्ये सरहद्द होती, आणि ते गाव पूर्व जर्मनीत. बाई दर नाताळाला कॉफी आणि चॉकलेटचं पार्सल पाठवायच्या. लहानपणी झाड धरायचं काम त्या बहिणीचं होतं.

चार वर्षं मी ते झाड धरलं. १९८९ मध्ये प्रकल्प संपला आणि ऑगस्टमध्ये मी परत आले. नोव्हेंबरात सरहद्द उघडली. त्यांचं कार्ड आलं, त्यात लिहिलं होतं, यंदा झाड धरायला माणूस आहे. मला इतका आनंद झाला आणि त्याच क्षणी पोटात तुटलं. वाईत बसून मला ग्यॉटिंगनची आठवण आली. आजही २४ डिसेंबरला मी बटाट्याचं सॅलड करते. घरची ओढ फक्त एकाच घराची असते असं समजू नकोस.

आता काय करायचं ते.

पहिलं म्हणजे आईला खरं सांग. ‘मला करमत नाही’ एवढं मोघम नको, त्याने तिचा जीव टांगणीला लागेल. २४ तारखेचं भांड्यांचं सांग, मागांच्या शांततेचं सांग. वडिलांनाही सांग, ती शांतता त्यांच्याइतकी कोणाला कळणार? तू मित्रांकडे जेवतोयस असं सांगितलंस तेव्हा ती ‘बरं झालं’ म्हणाली असेल आणि फोन ठेवून गप्प बसली असेल. आयांना कळतं.

दुसरं, तुझं काम परत माग. पुढचं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर २०२६ ला आहे, रविवारी. तुझी रजाही वाया जात नाही. तोपर्यंत तिकडची घड्याळं एक तास मागे गेलेली असतील, म्हणजे अंतर साडेचार तासांचं. घरची साडेसहाची पूजा तुझ्याकडे दुपारी दोनला. कंदील तू करायचास, तिकडे बसून, आणि घरचाही तूच करून घ्यायचास. दादाची मुलं असतील किंवा शेजारची, त्यांना एखाद्या रविवारी फोनवर समोर बसव आणि कामट्या तासायला शिकव. चौकोन बांधताना दोरा कुठून घ्यायचा, खळ किती दाट हवी, झिरमिळ्या कापताना कागदाची घडी कशी घालायची, हे तुलाच ठाऊक आहे. पूजेच्या वेळी फोन करायचा हट्ट सोड. त्या वेळी घरात कोणाला सवड नसते आणि तू पुन्हा डब्याला टेकवला जाशील. आदल्या दिवशी दुपारी आई तळणीपाशी असते तेव्हा कर. तळताना बायका मनातलं बोलतात.

आणखी एक योग तुला सांगायचाच आहे. त्याच दिवाळीतली भाऊबीज ११ नोव्हेंबरला येते. त्या दिवशी तिकडे संत मार्टिनचा सण असतो आणि बऱ्याच गावांत संध्याकाळी लहान मुलं कागदाचे कंदील काठीला अडकवून गाणी म्हणत मिरवणुकीने जातात. ते कंदील मुलं आधी बालवाडीत किंवा घरी स्वतः करतात. तुझ्या ऑफिसात लहान मुलांचे आईबाप असतीलच. ऑक्टोबरमध्ये त्यातल्या एखाद्याला सांग की मी कंदील करतो, तुमच्या मुलाला शिकवीन. श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत म्हणे, तर एक कंदील त्या नात्याचाही होऊ दे.

मराठी लोकांच्या दिवाळीला पुन्हा जा, पण कार्यक्रमाला नाही, तयारीला. तीन तास आधी जाऊन खुर्च्या लाव, पातेली उचल. तीनशे माणसांत तुला एकटं वाटलं, कारण तीनशेही जण जेवायला आले होते. सकाळी कांदा चिरणाऱ्या आठ जणांत तसं वाटत नाही.

आणि नाताळ. जर्मन माणूस आपणहून विचारत नाही, त्याला ते दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटतं. त्याला तुटकपणा समजू नकोस. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या सहकाऱ्याला सरळ सांग, २४ ला मी एकटा आहे, कुठे मदतीला आलो तर चालेल का. त्याआधी दिवाळीत मजल्यावरच्या शेजाऱ्यांना रव्याचे लाडू दे. ‘वाइखवाइत्सनग्रीस’ म्हणजे आपला बारीक रवा, ‘बुटरश्माल्त्स’ म्हणजे तूपच. भाडेकरूच्या घरात तळण काढू नकोस, छतावरचा धुराचा गजर बोंबलतो. डिसेंबरात त्यांच्या घरी डबे भरभरून बिस्किटं होतात, तेव्हा तुझं ताट रिकामं परत येणार नाही. ही रीत तिकडेही आहे.

परत यावं का, हे डिसेंबरात ठरवू नकोस. मे महिन्यात ठरव, रात्री नऊपर्यंत उजेड असतो तेव्हा. तेव्हाही यावंसं वाटलं तर ये. तो पराभव नव्हे, आणि वडिलांचं कौतुक एवढं तकलादू नसतं. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल आणि हे नाताळ संपल्यावरही आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर तिथला तुझा नेहमीचा डॉक्टर गाठ आणि त्याला सांग. तिकडे ‘टेलेफोनझेलझॉर्गे’ नावाची फोनसेवा आहे, दिवसरात्र आणि विनामूल्य. पुढच्या २४ तारखेची वाट बघत बसू नकोस.

प्रश्न

माझी मुलगी दोन वर्षांपासून डब्लिनला आहे. गेल्या दिवाळीला फराळ पाठवला तर म्हणाली, ‘आई, पुढच्या वेळी नको पाठवू, डबा उघडला की रडू येतं.’ आता पाठवू की नको? न पाठवून माझाच पाय घरात ठरणार नाही.

– एक आई, चिपळूण

उत्तर

पाठवा, पण तयार फराळ नको. वरचं उत्तर वाचलंत तर का ते कळेल. डबा उघडून ती एकटी बसून खाते, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून केलेलं ते तिच्यावाचून झालेलं असतं.

तिला चकलीची भाजणी पाठवा. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, मूग, उडीद, धने, जिरे, सगळं तुमच्या हाताने भाजून, तुमच्या गिरणीतून दळून आणलेलं. घरात जुना पितळी सोऱ्या असेल तर वजनाचा विचार न करता तोही. खवा, पेढे असं दुधाचं काही पार्सलात घालू नका. युरोपीय संघात ते बाहेरून टपालाने आणायला बंदी आहे आणि पार्सल अडकतं. पिशवीत काय आहे ते इंग्रजीत स्वच्छ लिहून चिकटवा.

सोबत चिठ्ठी जरूर ठेवा. पाणी किती, तिखट किती, ओवा घालायचा की नाही, सगळं लिहा. मोहन किती घालायचं ते मात्र लिहू नका. पीठ परातीत काढून झालं की ती फोन करील.